धरणावरच्या बाईचा खेळ

बस डेपोतले लोक त्याला घुम्या पेंटर म्हणायचे, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. बसच्या कपाळावरच्या पाट्या रंगवायचं काम त्याच्याकडे होतं. शेडच्या कोपऱ्यात, टर्पेंटाइनच्या वासात, एका लाकडी ठोकळ्यावर बसून तो दिवसभर गावांची नावं लिहायचा. अक्षर असं की लांबून येणाऱ्या गाडीची पाटी म्हातारी माणसंही चष्म्यावाचून वाचत. पण त्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे कोरड्या नळाची तोटी पिळण्यासारखं. कुणी विचारलं, "काय पेंटर, बरं आहे ना?" तर तो ब्रश जरासा वर उचलायचा. म्हणजे बरं आहे.

त्याच डेपोत वरच्या मजल्यावर, काचेच्या खोलीत, त्याची बायको माइकपुढे बसायची. कोणती गाडी कुठल्या फलाटाला लागली, कोणती उशिरा येणार, कुणाचं पोर चौकशीच्या खिडकीपाशी रडत उभं आहे, हे सगळं तिच्या आवाजात अख्ख्या स्टँडला कळायचं. तो लिहितो आणि ती वाचून दाखवते, असं ड्रायव्हर लोक गमतीनं म्हणत. घरीही तसंच. बोलण्याचं खातं तिच्याकडे, ऐकण्याचं त्याच्याकडे. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात रमली होती, संसार जुना झाला होता, पण या वाटणीबद्दल दोघांची कधी कुरकुर नव्हती.

एका सकाळी माइकपुढे बसल्या बसल्या तिला डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून एक काळी सावली वर चढताना दिसली. आधी तिला वाटलं, बाहेरून कुणी काचेला पडदा लावतंय. ती बोलतच राहिली. दुपारपर्यंत निम्मं स्टँड त्या सावलीखाली गेलं. उजवा डोळा लहानपणापासून अधू, जे काही पाहायचं ते डाव्याच्याच जिवावर. ती जिन्यानं कठड्याला धरत खाली आली, शेडमध्ये गेली आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, मला तुमचं अर्धंच तोंड दिसतंय."

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की डोळ्याच्या आतला पडदा सुटला आहे. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. डोळ्यात हवेसारखा एक बुडबुडा भरला होता. तो आतून पडद्याला दाबून धरणार, आणि तो नेमका जागेवर राहावा म्हणून तिनं रात्रंदिवस उपडं झोपायचं, बसली तरी मान खाली घालूनच बसायचं. एक डोळा हलला की दुसराही हलतो, म्हणून दोन्हींवर पट्टी.

"पडदा धरेल का?" त्यानं विचारलं. त्याचा दिवसभरातला तो एकच प्रश्न होता.

"पट्टी सुटल्यावर कळेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बायकांच्या वॉर्डात चार खाटा होत्या आणि चौघींच्याही डोळ्यांवर पट्ट्या. खिडकीपाशी एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, त्यांना सगळे हेडबाई म्हणत. त्यांच्या शेजारी फुलं विकणारी एक आजी, दाराशी एक कॉलेजातली मुलगी, जिच्या डोळ्याला खेळताना शटलकॉक लागलं होतं. चौथी खाट पेंटरच्या बायकोची. समोरच्या भिंतीवर, छताला टेकेल इतक्या उंचावर, एक टीव्ही होता. कुणा उदार माणसानं तो दवाखान्याला भेट दिला होता. डोळे बांधलेल्या बायकांपुढे टीव्ही, त्यातून शेजारच्या खोलीत नुकतं ऑपरेशन झालेले लोक, म्हणून सिस्टरनं त्याचा आवाज कायमचा बंद करून ठेवलेला. भिंतीवर चित्रं हलत राहायची आणि ती बघायला कुणी नसायचं.

पहिल्या संध्याकाळी भेटीच्या वेळेला पेंटर संत्री घेऊन आला. स्टुलावर बसला, संत्रं सोललं, एकेक फोड तिच्या हातात ठेवली. ती उशीत तोंड घालून पडली होती आणि बोलत नव्हती. हे त्याला नवीन होतं. घरात तिचा आवाज असायचा म्हणून त्याचं गप्प राहणं चालून जायचं. एका भिंतीला टेकून दुसरी उभी राहावी तसं. आता दोघंही गप्प, आणि त्याला एकदम आधार सुटल्यासारखं वाटलं. काय करावं न सुचून तो वर टीव्हीकडे बघत राहिला.

"काय बघताय?" तिनं उशीतूनच विचारलं.

"टीव्ही."

"काय लागलंय?"

"खेळ."

"कसला खेळ? अहो, एकेक शब्द काय देताय, मोजून?"

त्यानं घसा साफ केला. "एक पूल आहे," तो म्हणाला. "लांब. खाली काळी चकचकीत फरशी आहे, पाण्यासारखी. पुलाच्या कडेनं दिवे आहेत, पण ते विझलेले. निळ्या कोटातला एक माणूस प्रश्न विचारतो. उत्तर बरोबर आलं की एक दिवा लागतो, आणि उत्तर देणारा त्या दिव्यापर्यंत पुढं जातो. चुकलं की सगळे विझतात."

एवढं बोलून त्याला दम लागला.

"आत्ता कोण आहे पुलावर?"

"एक बाई. चित्राखालच्या पट्टीवर लिहिलंय, धरणावर पाण्याची पातळी नोंदते."

"दिसायला कशी?"

हा प्रश्न मात्र त्याच्या प्रांतातला होता. "उंच," तो म्हणाला. "केस निम्मे पांढरे, घट्ट बांधलेले. साडी शेवाळी. शेवाळी म्हणजे, उन्हातलं नाही, सावलीतलं शेवाळ. उत्तर द्यायच्या आधी ती डोळे मिटते. आत्ता पण मिटलेत."

मग फुलवाली आजी अंधारातून म्हणाली, "म्हणजे आपल्यातलीच आहे. अहो जावईबापू, जरा मोठ्यानं सांगा की. आम्हालाही कान आहेत."

तेव्हापासून तो वॉर्डाला सांगू लागला. प्रश्न पडद्यावर लिहून यायचे, ते तो वाचायचा. तीन हृदयं कोणाला असतात? हेडबाई म्हणाल्या, ऑक्टोपसला. पुलावरच्या बाईनंही तेच सांगितलं आणि दिवा लागला. पण निळा कोटवाला आणि ती बाई मधल्या वेळात काय बोलतात, हे कळायला मार्ग नव्हता. नुसते ओठ हलताना दिसत.

"काय म्हणतेय ती?" आजीनं विचारलं.

पेंटरनं बायकोच्या पाठीकडे पाहिलं. मग पडद्याकडे. "म्हणतेय," तो सावकाश म्हणाला, "की पहाटे धरणाचं पाणी इतकं स्थिर असतं की वरचा डोंगर कुठला आणि खालचा कुठला ते सांगता येत नाही. म्हणतेय, मी पट्टीवरचा आकडा वाचते तेव्हा श्वाससुद्धा हळू सोडते. पाणी जागं होईल म्हणून."

हे त्याला कुठून सुचलं ते त्याचं त्यालाच कळलं नाही. उशीतून बायकोचा आवाज आला, "मग?"

भेटीची वेळ संपली तेव्हा खेळ अर्धवट होता. दवाखान्याचा भोंगा झाला, धरणावरची बाई होती त्याच दिव्याखाली उभी राहिली आणि पडद्यावर अक्षरं आली, उद्या पुढे. पेंटर घरी गेला. एकट्यानं भात टाकला, आणि पातेल्यातल्या पाण्याकडे कितीतरी वेळ बघत उभा राहिला.

दुसऱ्या संध्याकाळी तो आला तर चौघी तयार बसल्यासारख्या पडल्या होत्या. आजीनं त्याच्यासाठी स्टूल मधोमध सरकवून घेतलं होतं. त्या दिवशी धरणवाली झपाट्यानं पुढं गेली. तिची चालही तो सांगायचा, ती पाऊल आधी टेकवते आणि मग वजन देते, ओल्या दगडावर चालणाऱ्या माणसासारखी. प्रत्येक दिव्याचा पिवळा रंग वेगळा आहे, हेही त्यानं सांगितलं. पहिला लिंबासारखा, पुढचे पिकत गेलेले. कॉलेजातली मुलगी म्हणाली, "काका, मला आता खरंच दिसायला लागलंय हो." आणि हेडबाईंनी, ज्या कुणाचं कौतुक सहसा करत नसत, नुसतं "हं" म्हटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी पेंटरला बाजूला घेऊन सांगितलं की सूज अपेक्षेपेक्षा जास्त आहे. घाबरू नका, पण फार आशाही धरू नका. संध्याकाळी तो रोजच्यासारखा स्टुलावर येऊन बसला. बायकोला त्यानं काही सांगितलं नव्हतं.

पुलावर दोनच दिवे लागायचे राहिले होते. निळ्या कोटवाल्यानं हात पसरून काहीतरी विचारलं. पेंटर म्हणाला, "तो विचारतोय, इथंच थांबायचं का? थांबलात तर मिळालंय ते तुमचं."

"थांब म्हणावं बाई," आजी म्हणाली. "हातातलं सोडून पळत्याच्या पाठी कशाला."

"ती मान हलवतेय. नाही थांबत."

प्रश्न आला. फुलपाखराला चव कशानं कळते? मिशा, पंख, पाय की डोळे?

"पाय," कॉलेजातली मुलगी लगेच म्हणाली. "आम्हाला होतं हे. पायानं कळते."

धरणवालीनं डोळे मिटले. ते तिनं कधी नव्हे इतका वेळ मिटलेले ठेवले. मग उघडले आणि काहीतरी म्हणाली. पडद्यावर 'मिशा' या शब्दाभोवती चौकट उजळली.

पेंटर स्टुलावरून उठून उभा राहिला. त्याला उठल्याचं कळलंही नाही. पुलाच्या मागच्या टोकापासून एकेक दिवा विझत तिच्याकडे यायला लागला, आणि तो बघत राहिला.

"काय म्हणाली?" मुलीनं विचारलं. "काका?"

"अहो, काय झालं?" बायको म्हणाली. तिनं चादर मुठीत धरली होती.

"पाय," पेंटर म्हणाला. "पाय म्हणाली. दिवा लागला."

आजीनं सुस्कारा सोडला. मुलीनं टाळी वाजवली. बायकोची मूठ सैल झाली ती त्यानं पाहिली, आणि जे झालं ते झालं, आता माघार नाही, असं त्याला वाटलं.

चौथ्या संध्याकाळी पुलावर एक टक्कल पडलेला गृहस्थ उभा होता. पट्टीवर लिहिलं होतं, केशकर्तनकार. पेंटरनं ती पट्टी दोनदा वाचली. पण चौघी वाट बघत होत्या.

"चला," आजी म्हणाली, "शेवटचा दिवा."

मग त्यानं पडद्याकडे बघतच सांगायला सुरुवात केली. तिथं दिसत होतं ते एक, आणि तो सांगत होता ते दुसरंच. म्हणाला, आज प्रश्नच आला नाही. आज त्या बाईला पुलावर मध्येच बसायला दिलंय. ती पाय खाली सोडून बसली आहे आणि निळा कोटवालाही, कोट सांभाळत, तिच्या शेजारी बसला आहे. ती त्याला धरणाखाली बुडालेल्या रस्त्याची गोष्ट सांगतेय. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तो रस्ता वर येतो, मैलाच्या दगडांसकट. त्यावरून कुणी कुठं जात नाही, पण लोक नुसते बघायला येतात.

सांगता सांगता त्याची नजर दाराकडे गेली आणि तो थबकला. कॉलेजातल्या मुलीच्या एका डोळ्याची पट्टी त्या दुपारी काढली होती. ती उशीला टेकून बसली होती आणि त्या एका डोळ्यानं सरळ टीव्हीकडे बघत होती. टक्कलवाला घाम पुसत होता.

पेंटर वाक्य अर्धंच सोडून तिच्याकडे बघत राहिला.

मग मुलगी म्हणाली, "आता तिनं केसांची गाठ सोडली, नाही का काका?"

"हो," पेंटर म्हणाला. "सोडली."

"पुलावर वारा आहे वाटतं."

"आहे. मागून पंखा लावलाय, पण वाऱ्यासारखाच वाटतो."

हेडबाई खोकल्या. ते खोकणं हसण्यासारखं वाटलं, पण त्याच्या मनात तेव्हा काही आलं नाही. भोंगा होईपर्यंत ती मुलगी आणि तो, दोघांनी मिळून ती बाई पुलावर बसवून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोची पट्टी सुटली. डॉक्टरीणबाईंनी दिवा धरला, बराच वेळ आत पाहिलं आणि म्हणाल्या, "धरलाय." पेंटरनं भिंतीला हात टेकला.

"काय दिसतंय?" त्यांनी तिला विचारलं.

"पाणी," ती म्हणाली. "डोळ्यात निम्म्यापर्यंत पाणी भरल्यासारखं. मान हलवली की हिंदकळतंय. त्याच्या वरच्या बाजूला तुम्ही आहात, धुरकट."

"तो बुडबुडाच आहे. दिवसागणिक पातळी बदलेल, मग जाईल. तोवर मान खालीच."

तिघींचा निरोप घेऊन दोघं टॅक्सीत बसली. ती मान खाली घालून, हनुवटी छातीला लावून. टॅक्सी नदीवरच्या रस्त्याला लागली तेव्हा ती आपल्या मांडीकडे बघत म्हणाली, "ती हरली ना?"

तो खिडकीबाहेर बघू लागला.

"सिस्टरनं दुसऱ्याच दिवशी सकाळी सांगितलं. तिच्या घरी रोज बघतात तो खेळ. म्हणाली, बिचारी फुलपाखरावर गेली."

"म्हणजे तुम्हाला सगळ्यांना…"

"सगळ्यांना. आजी म्हणाली, संध्याकाळी विचारू त्यांना, का फसवलं म्हणून. हेडबाई म्हणाल्या, खबरदार. अळीमिळी गुपचिळी. बोलू दे त्यांना, किती वर्षांचं साठलं असेल."

त्याचे कान लाल झाले. "आणि तू?"

"मी रागावले होते. मला वाटलं, यांनी माझ्यासाठी दिवा लावला म्हणजे डॉक्टरांनी यांना काहीतरी वाईट सांगितलंय." तिनं मांडीवरचा पदर सारखा केला. "सांगितलं होतं ना?"

"हो."

"मग संध्याकाळ झाली आणि तुम्ही तो बुडालेला रस्ता काढलात. मग मी राग वगैरे विसरले. पण आता खरं सांगा. ती हरली कशी? ते तुम्ही एकट्यानंच पाहिलंय. तुम्ही उभे राहिलात ते मला कळलं होतं."

टॅक्सी सिग्नलला थांबली, सुटली. पेंटरनं हात एकमेकांत गुंफले.

"दिवे लांबून विझत आले," तो म्हणाला. "शेवटी तिच्या डोक्यावरचा राहिला, मग तोही गेला. निळ्या कोटवाल्याचं तोंड पडलं. मला वाटलं ती रडेल. तर ती वाकली, आणि खालच्या काळ्या फरशीकडे बघत राहिली, रोज सवयीनं बघत असेल तशी. मग हसली. खोटं नाही, आतून. अंधारात तिचे दातच दिसले. नंतर तिनं चपला काढून हातात घेतल्या आणि आल्या वाटेनं परत चालत आली, एकेका विझलेल्या दिव्याला हात लावत. निजलेल्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवतात, तसा. घाई नाही काही नाही. समोरचे लोक उभे राहिले. मीही राहिलो. मला वाटलं, हे तुम्हाला सांगावं, पण तेव्हा जमलं नाही. 'दिवे विझले' हे शब्दच तोंडातून निघेनात."

टॅक्सी घरापाशी येऊन उभी राहिली होती. ड्रायव्हर मागं वळला नाही. त्यानं इंजिन बंद केलं.

"तुमचा पुलाचा शेवट छान होता," बायको म्हणाली. "पण हा जास्त चांगला आहे."

डोळा पुरता सुधारला नाही. सरळ रेघा तिला थोड्या वाकलेल्या दिसतात आणि लांबचं सगळं पाण्याखालून पाहिल्यासारखं. पण ती परत काचेच्या खोलीत बसली आणि स्टँडला तिचा आवाज परत मिळाला. डेपोतल्या शेडमध्ये पेंटर पूर्वीइतकाच गप्प असतो. धरणावर कुठेतरी ती बाई पातळी नोंदत असेल, आणि एका वॉर्डात आपण किती पुढं गेलो होतो याची तिला गंधवार्ताही नसेल.

उन्हाळ्यात एका सुट्टीच्या दिवशी दोघं बस पकडून एका धरणावर गेली. ते त्या पुलावरच्या बाईचं धरण नव्हतं. तिचं कुठलं, हे त्यानं कधी वाचलंच नव्हतं. पाणी बरंच खाली गेलं होतं. दोघं भिंतीच्या सावलीत बसली, पाव आणि उकडलेली अंडी खाल्ली. पलीकडचा काठ तिला दिसत नव्हता.

"काय आहे तिकडं?" तिनं विचारलं.

त्यानं हात झटकले, डोळे बारीक केले आणि सांगायला लागला. आधी चिखलाचा रंग, मग त्यावरचे पक्षी, मग पक्ष्यांच्या मागं एक माणूस सायकल हातात धरून चाललाय तो. ती भिंतीला डोकं टेकून ऐकत राहिली, आणि त्यातलं किती खरं, हे तिनं विचारलं नाही.